लोकशाही देश आपसात लढत नाहीत म्हणतात, मग कारगिल कुठे बसवायचं?

माझगावकर

मंडळी, थोडं लांबण लागेल, पण विषय मला महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे. दिवसभर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडची नोंद, भरायची, ड्युटीचे दर तपासायचे, न्हावा शेवाला एखादा कंटेनर अडकला की फोनाफोनी करायची. संध्याकाळी राज्यशास्त्राच्या एम.ए.चा अभ्यास, बाहेरून बसतोय. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात ‘लोकशाही शांतता’ हा सिद्धांत आला आणि तिथेच अडकून पडलोय.

थोडक्यात सांगतो. इमॅन्युएल कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. फ्रान्स आणि प्रशियाचा बाझलचा तह झाला तेच हे वर्ष. त्याचं म्हणणं असं, की युद्ध करायचं की नाही हे जर नागरिकांच्या संमतीने ठरणार असेल, तर नागरिक दहादा विचार करतील. लढायचं त्यांनाच, पैसा त्यांचाच जाणार, पडझड झालेलं पुन्हा उभं करायचं त्यांनीच, आणि वर कर्ज फेडत बसायचं तेही त्यांनीच. राजाचं काय बिघडतं? त्याच्या मेजवान्या आणि शिकारी चालूच राहतात. पुढे १९८३ मध्ये मायकेल डॉयल यांनी इतिहास चाळून दाखवलं, की उदारमतवादी लोकशाही देश इतरांशी भरपूर लढलेत, पण एकमेकांशी जवळजवळ नाहीच. १९८८ मध्ये जॅक लेव्ही यांनी तर म्हटलं, की आंतरराष्ट्रीय राजकारणात अनुभवावर उतरलेला नियम म्हणण्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

हे खरं असावं असं मला मनापासून वाटतं. आमच्या अभ्यासक्रमातले बाकीचे सिद्धांत सत्तेचा तोल, युती, शस्त्रं यांच्याबद्दल बोलतात. त्यात माझ्यासारखा माणूस कुठेच नसतो. माझगावच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाच्या मताला युद्ध आणि शांततेच्या प्रश्नात काही वजन आहे असं म्हणणारा हा एकच सिद्धांत मला भेटला.

आणि मग कारगिल आडवं येतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. समोर नवाझ शरीफ होते, १९९७ ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकलेले. मे महिन्यात युद्ध. आपले ५२७ जवान गेले. दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं आणि दोन्हीकडे अण्वस्त्रं. आमच्या नोट्समध्ये हे एका शब्दात मिटवलंय: ‘अपवाद’. मला हे पटत नाही. जो नियम आपल्याच सीमेवर येऊन मोडतो, तो आपण कुणाच्या भरवशावर शिकायचा?

दुसरी शंका माझ्या कामातली. शांतता लोकशाहीमुळे टिकते की व्यापारामुळे? पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लागली. खारीक आपल्याकडे बहुतेक तिकडूनच यायची. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात तेव्हा जी पळापळ झाली ती मी जवळून पाहिलीय. ज्यांचा माल वाटेत होता ते व्यापारी आमच्या ऑफिसात येऊन बसायचे, बोलायचे फार कमी, नुसते कागद पुढे सरकवायचे. पुढे ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेही व्यापार बंद केला. या व्यापाऱ्यांना युद्ध नकोच होतं, पण त्यांना कुणी विचारलं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

अस्मिता_प

माझगावकर, प्रश्न नेमका विचारलात. मी हा विषय शिकवते, म्हणून आधी कारगिलबद्दल.

संशोधक ज्या विदासंचांवर, म्हणजे युद्धांच्या नोंदींच्या तक्त्यांवर, विसंबतात त्यांत रणांगणावर किमान १००० मृत्यू झाले तरच त्याला युद्ध म्हणतात. कारगिल त्या मोजपट्टीत बसतं. त्यामुळे ‘ते युद्धच नव्हतं’ ही पळवाट नाही. दुसरी पळवाट अशी, की पाकिस्तान खरी लोकशाही नव्हता. हे मात्र नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. हरलेल्या बाजूला नंतर ‘खोटी लोकशाही’ ठरवलं तर कुठलाही सिद्धांत कधीच चुकणार नाही.

तर दाखवू या. कांटचा भर नुसत्या मतदानावर नव्हताच. कायदे करणारा हात आणि राज्य चालवणारा हात वेगळे असावेत, राज्यकर्ता कुणाला तरी बांधील असावा, ही त्याची अट. कारगिलचा बेत कुणी आखला? लष्करप्रमुख मुशर्रफ आणि मोजके जनरल. पंतप्रधानांना किती माहीत होतं यावर स्वतः शरीफ आणि मुशर्रफ यांच्या जबान्या शेवटपर्यंत एकमेकांविरुद्ध राहिल्या. शरीफ म्हणत राहिले मला अंधारात ठेवलं, मुशर्रफ म्हणत राहिले सगळं सांगितलं होतं. जिथे पंतप्रधानाला माहीत होतं की नाही हाच वाद आहे, तिथे नागरिकांच्या संमतीचा प्रश्न उद्भवतच नाही. १२ ऑक्टोबर १९९९ ला त्याच लष्करप्रमुखाने त्याच पंतप्रधानाला घरी बसवलं.

याहून जास्त बोलकी एक गोष्ट आहे आणि मी वर्गात ती नेहमी सांगते. वर चढलेले सैनिक प्रामुख्याने नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे होते, पण पाकिस्तानचा अधिकृत दावा असा की ते मुजाहिदीन आहेत, आमचं सैन्य नाही. दावा टिकवायचा म्हणून त्यांनी आपल्याच कित्येक सैनिकांचे मृतदेह घ्यायला नकार दिला. आपल्या जवानांनी त्यांना तिथेच, त्यांच्या धर्माच्या रीतीने दफन केलं. आता कांटचा युक्तिवाद आठवा: किंमत मोजणारा माणूस हिशेब मागेल. इथे किंमत मोजणाऱ्या घरांना किंमत मोजली गेल्याचंच सांगितलं नाही. आपल्याकडे शवपेट्या गावोगाव आल्या, टीव्हीवर दिसल्या, अख्ख्या गावाने खांदा दिला.

एडवर्ड मॅन्सफिल्ड आणि जॅक स्नायडर यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता, की पक्की लोकशाही शांत असेल, पण लोकशाहीकडे अर्ध्या वाटेवर असलेले देश उलट जास्त लढतात. निवडणुका आल्या, संस्था आल्या नाहीत, अशा वेळी राष्ट्रवाद पेटवणं हा सोपा रस्ता असतो. माझ्या मते कारगिल त्या खणात जातं.

व्यापाराबद्दल थोडक्यात: एरिक गार्ट्झके यांनी २००७ मध्ये मांडलं, की शांतता भांडवल आणि बाजारामुळे येते, श्रेय मात्र लोकशाहीला मिळतं. पण १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीचा व्यापार जोरात होता आणि तरीही व्हायचं ते झालंच. शिवाय जर्मनीत निवडून आलेली संसद होती, पण चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, तिला बांधील नव्हता, कैसरला, म्हणजे सम्राटाला होता.

जुना_गिरगावकर

अस्मिताताई, तुमचं विवेचन चांगलं आहे, पण मला काही प्रश्न पडतात.

डिसेंबर १९७१ मध्ये मी शाळेत होतो. गिरगावात आमच्या चाळीत प्रत्येक खिडकीच्या काचेला खळ लावून काळा कागद चिकटवलेला. संध्याकाळ झाली की सायरनकडे कान. रस्त्यावर गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. मुंबईच्या नौका कराचीवर जाऊन आल्या तेव्हा काय जल्लोष झाला! मग ९ तारखेला आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि चाळ अगदी गप्प झाली.

आणि त्याच आठवड्यात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, एंटरप्राइज ही अणुशक्तीवरची विमानवाहू नौका घेऊन. कुणाविरुद्ध? जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीविरुद्ध. कुणाच्या बाजूने? पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानच्या. आणि हे कुणी केलं? निवडून आलेल्या निक्सननी. ज्या निवडणुकीचा निकाल मोडून काढायला याह्याखानने सैन्य घातलं, त्या डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या होत्या. म्हणजे एका लोकशाहीने, लोकशाही चिरडणाऱ्याच्या बाजूने, दुसऱ्या लोकशाहीवर आरमार पाठवलं.

गोळी सुटली नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात तिथे शून्य लिहिलं जाणार. इराणमध्ये १९५३ ला मोसादेघ, ग्वाटेमालात १९५४ ला आर्बेन्झ, चिलीत १९७३ ला आयेंदे. तिन्ही सरकारं लोकांच्या कौलावर उभी होती. तिन्ही पाडण्यात वॉशिंग्टनचा हात कमी-जास्त प्रमाणात होता, आणि आता तो कागदोपत्री सिद्ध आहे. तक्त्यात पुन्हा शून्य. ज्या शांततेत दुसऱ्याचं निवडलेलं सरकार गुपचूप उलथवता येतं, तिला शांतता म्हणायला मी तयार नाही.

गणिती

एकच मुद्दा. १९४५ पूर्वी जगात लोकशाही देश मोजकेच होते आणि बहुतेकांच्या सीमा एकमेकांना लागतही नव्हत्या. त्यांच्यात युद्ध न होणं हे फारसं आश्चर्य नाही. १९४५ नंतर त्यातले बरेचसे सोव्हिएत रशियाच्या धाकाने एकाच छत्राखाली आले. मग शांतता लोकशाहीची की समान शत्रूची? ब्रिटन आणि आइसलँड मासेमारीवरून १९७६ पर्यंत तीनदा भिडले, बोटींवर बोटी घातल्या, पण दोघेही नाटोत, म्हणून मिटलं.

ऋजुता

गणिती, सीमेचा मुद्दा मान्य. पण मला वेगळंच काही खटकतं: ‘नागरिक’ कुणाला धरायचं?

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. त्यांच्या संसदेत चर्चा झाली, सगळं रीतसर. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात आहे असं जाहीर करून टाकलं. इथल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारलं नाही. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेर यांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ होतं, त्याने आणि बाकीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी थोड्याच आठवड्यांत राजीनामे दिले. पुढे हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं भरती झाली. संमती लंडनची, माणसं आपली. कांटचं गणित इथे उघडंनागडं मोडतं, आणि तरी ब्रिटन तक्त्यात ‘लोकशाही’ म्हणूनच दिसतो.

देशाच्या आतही हेच. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलंच होतं, की राजकारणात समता आणि समाजात विषमता असा अंतर्विरोध घेऊन आपण प्रजासत्ताकात शिरतोय. सीमेवर कुणाची मुलं जातात आणि स्टुडिओत बसून युद्ध कोण मागतं, हे पाहिलं की ते भाषण आठवतं. ज्याला किंमत मोजावी लागत नाही त्याचं मतही तेवढंच मोजलं जातं. मग मतदार दहादा विचार कशाला करतील?

माझगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचून काढलं. आता मला काय वाटतं ते लिहितो.

अस्मिताताईंनी मृतदेहांबद्दल सांगितलं तिथे माझी गाठ सुटली. सिद्धांतातला जोर मतपेटीत शोधत होतो, तो तिथे नाही. सरकारला अडवून जाब विचारता येतो का, आणि ते वेळेवर करता येतं का, यात तो आहे. माझ्या धंद्यातलंच उदाहरण देतो, कारण यापेक्षा चांगलं मला सापडलं नाही.

१६ फेब्रुवारी २०१९. पुलवामाला दोन दिवस झालेले, ४० जवान गेलेले, देश संतापलेला. त्या दिवशी अटारीला काही आयातदारांचा पाकिस्तानी माल आलेला होता, त्यांनी दिवसा बिल ऑफ एंट्री भरली, जुन्या दराने आकारणीही झाली. रात्री २०० टक्क्यांची अधिसूचना निघाली. कस्टम्सने म्हटलं, तारीख आजचीच आहे, म्हणजे आजच्या सगळ्या मालाला नवा दर. व्यापारी कोर्टात गेले. उच्च न्यायालयात जिंकले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ सप्टेंबर २०२० ला निकाल लागला: अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी अपलोड झाली, त्याआधी भरलेल्या बिलांना ती लागू नाही. सरकार हरलं. चठ्ठा राइस मिल्सचा खटला म्हणून आमच्या लाइनीत तो सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे तो ड्युटीच्या दरासाठी वाचतात.

मी मात्र तो शांततेच्या सिद्धांतासाठी वाचतो. विचार करा, हल्ल्याला दोन दिवस झालेत, माल पाकिस्तानचा, आणि सरकारला सेकंदासकट सांगितलं जातं की तुझा राग इथून पुढे लागू, मागे नाही. त्या व्यापाऱ्यांना कुणी देशद्रोही ठरवून आत टाकलं नाही. ज्या देशाचा राग असा घड्याळ लावून मोजता येतो, त्याच्याशी शेजाऱ्याला बोलणी करता येतात. तो काय करील आणि कुठे थांबेल याचा अंदाज लागतो. कारगिलमध्ये हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा मंत्रिमंडळाचा हुकूम होता आणि तो पाळला गेला. तिकडे मात्र रेषा कुणी ओलांडली हेच सरकार सांगायला तयार नव्हतं. म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय: कारगिलवर ‘अपवाद’ असा शिक्का मारून पुढे जायचं नाही. एका बाजूला जाब विचारता येत होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. नियमाला दोन्ही बाजू लागतात.

गिरगावकर काका, ७१ चं तुम्ही म्हणता ते टाळता येत नाही. ढाक्यातले अमेरिकन वाणिज्य दूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारला विरोधाची तार पाठवली होती, अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत फिरून गेले आणि निक्सनवर तुटून पडले. आरमार तरीही आलं. गुपचूप केलेल्या कारवायांबद्दलही तुमचं बरोबर आहे, आणि मला वाटतं त्या गुपचूप कराव्या लागल्या यातच उत्तर आहे. आपल्या लोकांना उघड सांगून आयेंदेंचं सरकार पाडता आलं नसतं. ज्या दिवशी नागरिकांना माहिती मिळणं थांबतं, त्या दिवशी लोकशाही शांतता थांबते, मग देश अमेरिका असो की कुठलाही.

आणि इथे आपल्याकडे बघणं भाग आहे. १९६२ मध्ये युद्ध चालू असतानाच ८ नोव्हेंबरला लोकसभेत चर्चा सुरू झाली, नेहरूंना समोरासमोर ऐकवलं गेलं. पण त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजपर्यंत सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेपुढे आला, पण काही भाग वगळून. पाकिस्तानने ७१ वरचा हमूदुर रहमान अहवाल तीस वर्षं दडवला म्हणून आपण बोट दाखवतो, मग हेंडरसन ब्रूक्सचं काय?

त्याहून मोठी गोष्ट, जी शोधताना मला धक्काच बसला. आणीबाणी पुकारली तर कलम ३५२ प्रमाणे एका महिन्यात संसदेची मंजुरी लागते. लोकसभा विसर्जित असेल तर राज्यसभेपुढे जावं लागतं, तेही घटनेत लिहिलंय. युद्धासाठी असं काहीच नाही. कारगिल झालं तेव्हा लोकसभा विसर्जित होती, सरकार काळजीवाहू होतं. विरोधकांनी राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं, ते झालं नाही. आणीबाणी पुकारली नव्हती, त्यामुळे बंधनही नव्हतं. युद्ध योग्य होतं, आपल्यावर लादलेलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मंजुरी घ्यायची सवय योग्य युद्धातच लावून घ्यायला हवी, अयोग्य युद्धात ती कोण लावणार? लष्करी कारवाई सुरू झाल्यावर ठराविक दिवसांत जे सभागृह अस्तित्वात असेल त्याची मंजुरी घ्यावी, अशी तरतूद घटनेत असावी असं माझं ठाम मत आहे. ऋजुताताई, सगळ्यांचं मत सारखं मोजलं जातं पण किंमत सारखी नाही, या तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण निदान खासदाराने नाव नोंदवून हो किंवा नाही म्हटलं, तर ज्या गावात शवपेटी येते त्या गावाला कुणाला विचारायचं ते तरी कळेल.

अस्मिता_प

तरतुदीबद्दल सहमत, पण अमेरिकेचा अनुभव लक्षात ठेवा. १९७३ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य मागे घ्यायला सुरुवात करायची. कारगिलच्याच वर्षी, कोसोव्होत, नाटोची बॉम्बफेक ७८ दिवस चालली. प्रतिनिधिगृहात हवाई कारवाईला मंजुरी देणारा ठराव २८ एप्रिलला २१३ विरुद्ध २१३ असा बरोबरीत अडकून पडला, आणि बॉम्बफेक चालूच राहिली. म्हणजे नुसती मुदत लिहून भागत नाही, मुदत उलटली की कोर्टात दाद मागता येईल हेही लिहावं लागेल. तुमच्या चठ्ठा खटल्यात व्यापाऱ्यांना ते दार उघडं होतं. अमेरिकेत काही खासदार कोसोव्होवरून कोर्टात गेले, तर तुम्हाला दाद मागायचा अधिकारच नाही म्हणून त्यांना परत पाठवलं.